सुमनताईंचं पहिलं तिकीट

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या पहाटेच्या पहिल्या गाडीवर सुमनताई तायडे कंडक्टर असल्या, की एक गोष्ट ठरलेली असायची. गाडी स्टँडबाहेर पडली तरी त्या तिकिटं द्यायला पुढून सुरुवात करत नसत आणि मागूनही करत नसत. मधल्या वाटेत उभ्या राहून साऱ्या गाडीवरून एकदा नजर फिरवायच्या आणि एखादी बाई हेरायच्या. मोकळं कपाळ, घट्ट लपेटलेला पदर, खिडकीकडे वळवलेलं तोंड. पुढच्या बाकावरची टोपीवाली मंडळी पैसे हातात धरून ताटकळत राहायची आणि ताई त्यांना ओलांडून सरळ तिच्यापाशी जायच्या. म्हणायच्या, "बोल माय, कुठी जातं? आजची बोहनी तुयी."

बोहनी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. आमच्याकडे भाजीवालीपासून सराफापर्यंत सगळे तिला जपतात, आणि विधवेच्या हातची बोहनी होता होईल तो टाळतात. सुमनताई ती मुद्दाम शोधून घ्यायच्या. मला हे ठाऊक आहे, कारण एका पहाटे त्यांनी हेरलेली ती बाई मी होते.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझे यजमान परतवाड्याच्या रस्त्यावर ट्रकखाली गेले. त्यांच्या जागी मला अकोल्याच्या कचेरीत नोकरी मिळाली आणि अमरावतीला सासरीच राहून मी रोज जाऊ-येऊ लागले. सासूबाई वाईट नव्हत्या. जेवायला वाढायच्या, ताप आला तर काढा करून द्यायच्या. फक्त सकाळी माझं तोंड पाहायच्या नाहीत. मी नळावर असले की त्या देवघरातच थांबायच्या. घर जागं व्हायच्या आत आपण निघावं म्हणजे कुणाचा दिवस खराब होत नाही, असा विचार करून मी पहिली गाडी धरायची.

"काकाजीचं घ्या ना आधी," त्या पहाटे मी पुढच्या बाकाकडे बोट दाखवून हळूच म्हटलं.

"काहून? काकाजी तुयाआधी उतरून राहिले काय?"

"तसं नाही. माह्या हातानं बोहनी कायले..."

"तुया हाताले काय झालं? पैसे धराले येतात ना?"

दोन-चार माणसं हसली. मला त्या बाईचा मनस्वी राग आला. झाकून ठेवलेलं दुःख चारचौघांत असं उघडं पाडायचं काही कारण होतं का? पैसे दिले, तिकीट घेतलं आणि मूर्तिजापूर जाईपर्यंत इंजिन बंद पडायची वाट पाहत बसले. अकोल्याला उतरताना त्या दारातच उभ्या होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "पोचली ना गाडी?"

पुढे ओळख वाढली. त्या अंगानं ठेंगण्या, आवाजानं मात्र धिप्पाड होत्या. खाकी ड्रेस, खांद्याला चामड्याची बॅग, केस चापून बांधलेले. घर अकोल्यात, दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली वेळेच्या पुढे लावलेलं घड्याळ. नवरा लवकर गेला होता, मुलगा शिकून नाशिकला नोकरीला लागला होता. स्वतःबद्दल त्या याहून जास्त बोलत नसत. दुसऱ्यांबद्दल मात्र भरपूर बोलत, आणि तोंडावर. चुकीच्या गाडीत चढलेला एखादा प्रवासी बडनेऱ्यापाशी कपाळावर हात मारून "नशीबच खोटं" असं म्हणाला, की ताईंचा आवाज चढायचा. "नशिबाले काहून शिव्या देता, भाऊ? पाटी वाचली व्हती काय? आधी पाटी वाचा, मंग चढा." हे वाक्य त्यांनी किती जणांना ऐकवलं असेल कोण जाणे. माझ्या कानात ते अजून त्यांच्याच सुरात वाजतं.

त्यांच्या गाड्या पंक्चर फार व्हायच्या, हेही खरं. ड्रायव्हर मंडळी थट्टा करायची, की सुमनताई ड्युटीवर असल्या म्हणजे जॅक वर काढून ठेवा. त्यावर त्या म्हणायच्या, "टायर पाहा ना कितीक घासलं ते. मी तं आतमंधी बसून राहते, मी कायले त्याले चावाले जाऊ?"

रोज जाऊन-येऊन आमचा पासवाल्यांचा एक कंपू जमला होता. त्यात भास्करराव कडू होते. कचेरीत माझ्याच मजल्यावर बसणारे, गप्पिष्ट, जीव लावणारे, आणि जिभेला लगाम नसलेले. रानाचं वेड त्यांचं. त्यांच्या नादानं आम्ही बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर बसायला जाऊ लागलो. तेव्हा पाणी आटलेलं असतं, उरल्यासुरल्या पाणवठ्यावर जनावर येतंच, आणि चांदण्यात मोजता येतं. भास्करराव आणि त्यांच्या मंडळी एका मचाणावर, ताई आणि मी दुसऱ्या. त्यांना कधी अस्वल दिसे, कधी गवे, एकदा तर वाघीण आली. आम्हाला मोर, मुंगूस, आणि एकदा पाणी प्यायला आलेली गावची गाय.

अशाच एका खेपेला उतरताना भास्करराव हसत म्हणाले, "ताई, पनौती हाय पाहा तुमी. तुमी दोघी ज्या पाण्यावर बसता ना, थे पाणीच जनावर सोडून देते."

दोघी. ते बिचारे गंमत करत होते, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण तो शब्द मला जिथे लागायचा तिथे लागला. मी पायातली चप्पल नीट करायच्या निमित्तानं खाली वाकले. वर पाहिलं तर ताई भास्कररावांकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होत्या.

परतीच्या वाटेवर त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "आपला पाणवठा रस्त्याजवळ हाय. गाड्याचा आवाज येते. म्हून जनावर येत नाही. समजलं?"

"हो ताई."

"हो म्हणून राहिली, पण तुले पटलं नाही." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "जथी जनावर दिसल्याबिगर राह्यतच नाही, अशी जागा काढतो आपण. अन् तथी तुले सगळ्यायच्या पुढं बसवतो. मंग पाहू कोन पनौती हाय ते."

त्या निवृत्त झाल्यावर ती जागा सापडली. मुलानं दिलेल्या मोबाइलवर त्यांनी कुठलीशी चित्रफीत पाहिली होती. ओडिशातलं भितरकनिका, समुद्राकाठचं राष्ट्रीय उद्यान. नदी समुद्राला मिळते तिथे खारं पाणी आत शिरतं, त्या पाण्यात कांदळवन आणि त्या खाड्यांमध्ये होडीएवढ्या मगरी. ताईंनी आम्हा सर्वांना घरी बोलावून ती पुन्हा पुन्हा दाखवली. "हे पाह्य, काठावर कशा लायनीनं झोपल्या. इथी बी नाही दिसल्या तं मी भास्कररावाच्या हातून पनौतीचं सर्टिफिकेट घेतो." गाडीची तिकिटं त्यांनीच काढली, राहायची सोय त्यांनीच पाहिली. महिना त्यांनी ठरवला मे. जंगल म्हणजे मे, यात आमच्यापैकी कुणालाच शंका आली नाही. पाणी आटल्याशिवाय जनावर कसं दिसणार? वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

बडनेऱ्याहून रेल्वेनं, मग बसनं, असे आम्ही त्या धक्क्यावर पोचलो. ऊन आपल्यापेक्षा कमी होतं, पण घाम वाळत नव्हता. नदी विचाराल तर काठोकाठ भरलेली. आटणं वगैरे तिच्या गावीही नव्हतं. धक्क्यावर होड्या बांधून ठेवलेल्या, माणूस नाही. एका टपरीच्या सावलीला खाकीतला एक पहारेकरी बसला होता. त्यानं हिंदीत सांगितलं, की उद्यान बंद आहे. उन्हाळ्यात मगरी अंडी घालतात, म्हणून दर वर्षी या दिवसांत कुणालाच आत सोडत नाहीत. फाटकावर तसा बोर्डही लावलेला होता, मोठा, तीन भाषांतला.

भास्कररावांनी एक उसासा टाकून आमच्याकडे पाहिलं. इतक्या लांब, इतक्या खात्रीच्या जागी येऊन फाटकच बंद. मला आमचा सकाळचा नळ दिसला, देवघराचं लोटलेलं दार आणि त्यामागे थांबलेल्या सासूबाई दिसल्या. मी ताईंना बाजूला घेऊन म्हटलं, "तुमी मले आणाले नाही पायजे होतं. माह्या पायानंच..."

मी ताईंना रागावलेलं पुष्कळदा पाहिलं होतं, पण तेव्हासारखं कधीच नाही. आवाज मात्र चढला नाही, उलट उतरला.

"महिना कोनं ठरवला?"

"तुमी."

"चौकशी कोनं करायची होती?"

"तुमी."

"मंग चूक कोनाची?"

मी बंद फाटकाकडे पाहिलं.

"माह्यी हाय. साऱ्या नोकरीत लोकायले सांगितलं, पाटी वाचा मंग चढा. अन् मीच पाटी न वाचता चढली. धडधडीत माह्यी चूक. थे तू काहून घेऊन राहिली? माह्यी चूकबी मले ठेवू देत नाही काय वं? चूक माह्यी, दुरुस्तबी मीच करन. तुया पायाचा इथी काय संबंध?"

मग त्या त्या बोर्डासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ओठ हलवत हिंदी मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वाचून झाल्यावर पहारेकऱ्याला नमस्कार केला आणि एकदम हसू लागल्या. आम्हाला म्हणाल्या, "बाळंतिनीच्या खोलीत चपला घालून शिरून राहिलो होतो आपण. बरं झालं त्यानं अडवलं." त्या रात्रीच्या मुक्कामाला त्यांनी आम्हा सगळ्यांना मासळीचं जेवण घातलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही परत फिरलो. कचेरीत ही गोष्ट भास्कररावांनी मीठमिरची लावून सांगितली. लोक पोट धरून हसले. ताईंच्या कानावर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हसू द्या. हसण्यासारखीच चूक हाय."

दिवाळीत त्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, दगदग बंद करायला सांगितली. मुलगा नाशिकला घेऊन जायला आला. ताईंनी त्याला चहा पाजला आणि आपला बेत सांगितला: आधी भितरकनिका, मग नाशिक. तो हात जोडून म्हणाला, "आई, मगरीच पाहायच्या ना? तुले घरी टीव्हीवर दाखवतो." ताई म्हणाल्या, "मले पाहाच्या नाहीत बापा. मले वंदनाले दाखवाच्या हायेत." वंदना म्हणजे मी. मी त्यांना परोपरीनं समजावलं, की माझ्यासाठी जिवाशी खेळू नका. त्यांचं एकच उत्तर, "डॉक्टरनं दगदग नाही सांगितली. होडीत तं बसून राहायचं असते."

या वेळी त्यांनी फोन करकरून तिथल्या माणसांना भंडावून सोडलं. उद्यान कधी उघडतं, परवाना कुठे मिळतो, होडी कुठून सुटते, सगळं विचारलं. थंडीत आम्ही तिघं निघालो; भास्कररावांच्या मंडळी गुडघ्यांमुळे मागे राहिल्या. ताईंच्या गोळ्या त्यांच्या त्याच जुन्या चामड्याच्या बॅगेत होत्या.

सकाळी होडी सुटली. ताईंनी मला ठरल्याप्रमाणे अगदी पुढे बसवलं. दोन्ही बाजूंना कांदळवन, पाण्यात कमरेपर्यंत उभं असल्यासारखं. निळे, तपकिरी, नाना रंगांचे खंड्या एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जात होते. आत चितळ दिसलं. मगर दिसली नाही. एक खाडी झाली, दुसरी झाली, तिसरीत वळलो. काठच नव्हता कुठे. पाणी झाडांच्या अंगाला लागलेलं. भास्करराव एकसारखे घड्याळ पाहत होते, आणि तेच मला सहन होईना. मी पुढ्यातल्या फळीकडे पाहत राहिले. मागे वळून ताईंकडे पाहायचा मला धीर नव्हता.

तेवढ्यात मागून त्यांचा आवाज आला. होडीवाल्याला त्या आपल्या हिंदीत विचारत होत्या, "भैया, मगर बैठता कहाँ पे है?"

"कीचड़ पे, माँ."

"तो कीचड़ किधर है?"

"अभी पानी के नीचे है. भाटा होने दो, तब निकलेगा."

"भाटा बोले तो?"

त्यानं हातानं दाखवलं, पाणी समुद्राकडे उतरतं, मग पुन्हा वर येतं. रोज दोन वेळा. भास्करराव म्हणाले, "ओहोटी, ताई." ताईंनी त्या शब्दावर थोडा विचार केला. आमच्याकडे पाणी एकदा गेलं की पावसाळ्याशिवाय येत नाही. रोज जाऊन रोज परत येणारं पाणी हिशेबात धरायचं, हे आम्हाला सुचावं तरी कसं? ताई म्हणाल्या, "तं मंग थांबू."

आतल्या धक्क्यावर उतरून आम्ही थांबलो. भास्करराव जेवून लवंडले. ताई मात्र काठाशी दगडावर बसून पाण्याकडे पाहत राहिल्या आणि मलाही शेजारी बसवून घेतलं. आधी काहीच कळलं नाही. मग धक्क्याच्या खांबावर ओली रेघ दिसली आणि पाणी तिच्या खाली. मग चिखलातून वर आलेली मुळांची टोकं दिसू लागली, शेतात कापलेल्या तुरीच्या खुंटांसारखी. मग करड्या चिखलाचा उतार उघडा पडला, चकचकीत. बोटाएवढे मासे त्यावर उड्या मारू लागले. ताई त्या खांबाकडे बोट दाखवून एवढंच म्हणायच्या, "पाह्य." थोड्या वेळानं पुन्हा, "पाह्य."

पुन्हा होडीत बसलो. त्याच खाडीत, त्याच वळणावर, जिथे सकाळी नुसतं पाणी होतं, तिथे ती होती. चिखलावर आडवी, तोंड उघडं टाकून, ऊन खात. होडीच्या अर्ध्या लांबीची असेल. पुढे दुसरी, तिच्यापुढे दोन लहान. होडी जवळ जाताच पहिलीनं तोंड मिटलं आणि काही घाई नसल्यासारखी पाण्यात सरकली. मी सगळ्यात पुढे होते. तिचा डोळा मला दिसला.

भास्कररावांचा आनंद पोटात मावेना. "ताई, तुमचं नशीब फळलं आज," ते म्हणाले.

"नशीब नाही, भास्करराव," ताई म्हणाल्या. "ओहोटी."

मी रडत होते. ताई फळ्यांना धरधरून पुढे आल्या आणि माझ्याजवळ टेकल्या. त्यांना धाप लागली होती. "मगरी सकाळीबी इथीच होत्या, वंदना. तू होती तरी होत्या, नसती तरी असत्या." मग त्यांनी ती गोष्ट बोलून टाकली. इतक्या वर्षांत माझ्याशी ती कुणीच बोललं नव्हतं. "तुया नवऱ्याच्या मोटरसायकलले ट्रक लागला. ट्रकवाल्याले झोप लागली होती. तू तं त्या वक्ती घरी भाकरी टाकून राहिली होती." एवढंच बोलून त्या पुढच्या मगरीकडे पाहू लागल्या. मी त्यांचा हात धरून ठेवला. मला त्या दिवशी जितकं हलकं वाटलं तितकं आधी कधी वाटलं नव्हतं, हे मी इथे सरळ लिहून टाकते.

त्या नाशिकला गेल्याच नाहीत. जाईन जाईन म्हणत राहिल्या. घरी परतल्यावर मी सकाळची पहिली गाडी सोडून नंतरची धरू लागले. सासूबाई देवघरातून बाहेर येईपर्यंत नळावरच थांबायची. पहिले काही दिवस त्या दचकायच्या. मग त्यांना सवय झाली.

गेल्या पावसाळ्यात ताईंच्या मुलाचा फोन आला, आईचं ठीक नाही, येऊन जा. मी अकोल्याला पोचले तेव्हा ताई खाटेवर टेकून बसल्या होत्या. मला पाहून हसल्या, चहा टाक म्हणाल्या. मी आत जाऊन आधण ठेवलं, पत्ती घातली, आणि बाहेर मुलाची हाक आली. मी धावत गेले तोवर सगळं आटोपलं होतं.

घर माणसांनी भरलं. कोपऱ्यात बसलेली शेजारची एक म्हातारी दुसरीला सांगत होती, माझ्या कानावर येईल एवढ्या आवाजात. "हे आली अन् थे गेली. एकेकीचा पायगुनच तसा असते."

काही वर्षांपूर्वी मी मागच्या दारानं निघून गेले असते. आता तिच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "आजी, ताईचं दिल थकलं होतं. डॉक्टरनं दिवाळीतच सांगतलं होतं. मी त्यायले भेटाले आली होती." म्हातारीनं पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे पाहिलं.

बुद्धवंदनेची तयारी झाली. बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या मांडल्या. मुलगा रडून थकला होता. त्यानं काडेपेटी हातात घेतली आणि पहिली मेणबत्ती कुणी लावायची म्हणून माणसांकडे पाहिलं. जो तो वडीलधाऱ्यांकडे पाहू लागला. मी उठले आणि त्याच्यापुढे हात केला. त्यानं पेटी दिली.

पहिली काडी विझली. दुसरीही विझली. खोलीत कुजबूज झाली, आणि कोपऱ्यातून म्हातारी माझ्याकडेच पाहते आहे हे मला न वळताही कळलं. मी तसबिरीकडे पाहिलं, मेणबत्तीकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. ती सताड उघडी होती आणि पावसाळी वारा आत येत होता. मी उठून खिडकी लावली. परत येऊन काडी ओढली आणि मेणबत्ती पेटली.